पोफळीची वीज आणि भाड्याचा संगणक



आजचा विषय पत्रिकेत वाचून काहींना शंका आली असेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक, वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, आणि हा म्हणे क्लाउड होस्टिंगवर बोलणार! शंका रास्त आहे. मी प्रोग्रामर नाही. पण कार्यकर्त्यांनी मला सांगितलं, ‘सर, पुढच्या रांगांत प्रकल्पातून निवृत्त झालेली मंडळी असतील आणि मागे इंजिनिअरिंगची मुलं. दोघांनाही पचेल असं बोला.’ म्हणून मी इतिहासाच्या वाटेने जाणार आहे. मागच्या रांगेतल्यांचा प्रश्न आहे: आपण केलेली वेबसाइट किंवा ॲप कोणाच्या संगणकावर ठेवावं, जे स्वस्त असेल, सोपं असेल आणि अडचणीत आणणार नाही? पुढच्या रांगेतल्यांनी तोच प्रश्न पन्नास-साठ वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूने पाहिलेला आहे. वीज बनवणाऱ्याच्या बाजूने.

सुरुवात मुंबईपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या. प्रत्येक गिरणीचं स्वतःचं वाफेचं इंजिन, स्वतःचा बॉयलर, कोळशाचं कोठार, चिमणी. इंजिनापासून एक लांब दांडा गिरणीभर फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्र फिरायचं. इंजिन बंद तर सगळी गिरणी बंद. चार यंत्रं चालवायची असली तरी अख्खा दांडा फिरवावा लागे. म्हणजे गिरणीमालकाचा धंदा कापडाचा, पण त्याच्या डोक्याला ताप शक्तीचा! बॉयलरचा माणूस आला नाही, कोळसा महागला, पट्टा तुटला, हेच दिवसभर.

१९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी निघाली. लोणावळ्याजवळ वळवण, शिरवता अशी तळी बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईला वीज सुरू झाली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. कल्पना जमशेटजींची होती, ती प्रत्यक्षात आलेली पाहायला ते राहिले नाहीत, १९०४ मध्येच गेले. आता गिरणीमालकाने काय करायचं? स्वतःचं इंजिन मोडीत काढून सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून तारेने येणाऱ्या शक्तीवर विसंबायचं? आज आपल्याला ह्यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. पण त्याच्या जागी उभे राहून बघा. इंजिन त्याच्या आवारात आहे, त्याला हात लावता येतो, त्याचा माणूस ते दुरुस्त करतो. तार दुसऱ्याची. दर उद्या वाढवला तर? घाटात खांब पडला तर? हे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. आज एखादी सहकारी बँक ‘आमचा सर्व्हर आमच्याच इमारतीत हवा’ म्हणते तेव्हा ती नेमका हाच प्रश्न विचारत असते. तिला लगेच मागासलेली ठरवू नये.

आमच्या तत्त्वज्ञानात ह्यावर जुनी चर्चा आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरच्या ग्रंथात श्रीमंतीचा विचार करताना म्हटलं आहे की संपत्ती मालकीत कमी आणि वापरात जास्त असते. गिरणीमालक हळूहळू ह्याच निष्कर्षाला आले. इंजिनाची मालकी सोडली, शक्तीचा वापर ठेवला. पण ॲरिस्टॉटलला मीटर माहीत नव्हता, आणि घरमालकही बहुधा भला भेटला असावा. (हशा)

ह्या इतिहासाची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटत नाही. मुळशीला टाटांचं धरण होताना १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मुंबईच्या गिरणीतलं बटण दाबलं की दिवा लागतो, तेव्हा कुठल्यातरी खोऱ्यात कोणाचं तरी भाताचं खाचर पाण्याखाली गेलेलं असतं. कोयनेत हे मी तुम्हाला सांगावं असं नाही.

तर कोयना. काम १९५४ मध्ये सुरू झालं. १९६२ मध्ये पोफळीच्या भूगर्भातल्या वीजगृहात पहिलं जनित्र फिरलं. सह्याद्रीच्या पूर्वेला अडवलेलं पाणी बोगद्याने पश्चिमेला न्यायचं, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचं, आणि त्यातून वीज. शिवसागरात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. पुढे टप्पे वाढले, कोळकेवाडी झालं, १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला छिद्र पाडून पाणी घेण्याचे, आपण लेक टॅपिंग म्हणतो ते, दोन प्रयोग झाले. आज एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात.

मला आज त्यातली एकच तारीख हवी आहे. ११ डिसेंबर १९६७. मी तेव्हा कराडला अकरावीत होतो. पहाटे चारनंतर घर हललं. मांडणीवरची पितळी भांडी खाली आली, त्यांचा आवाज मला आजही आठवतो. वडील म्हणाले, ‘मळ्यात चला.’ उजाडल्यावर बातम्या यायला लागल्या. कोयनानगर पडलं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली, धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या आणि ती पुढे मजबूत करावी लागली. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या घरातलं ते दुःख आहे, त्यावर मी बाहेरून आलेला माणूस जास्त बोलत नाही.

पण त्याच पहाटे आणखी एक गोष्ट झाली. पोफळीची यंत्रं थांबली आणि मुंबईतले कारखाने थांबले. इतक्या लांबचे! ज्या कामगाराने कोयनेचं नाव फक्त वर्तमानपत्रात वाचलं होतं, त्याचं मशीन बंद पडलं. गिरणीमालकाने १९१५ मध्ये विचारलेला प्रश्न, ‘तिकडे काही झालं तर?’, त्याला बावन्न वर्षांनी असं उत्तर मिळालं. म्हणून काय मुंबई पुन्हा वाफेच्या इंजिनाकडे गेली? नाही. उलट जाळं वाढवलं, वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज येईल अशी सोय केली, १९८१ मध्ये मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून क्षणात वेगळं करण्याची यंत्रणा बसवली. तरी १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईत अंधार झालाच.

आता संगणकाकडे येतो. गंमत अशी की संगणक भाड्याने घेणं ही नवी गोष्ट नाहीच, मालकीचा संगणक हीच मधल्या काळातली नवलाई होती. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० नावाचा मोठा संगणक आला. देशभरातल्या संस्था आणि विद्यापीठं आपली गणितं तिकडे पाठवत. पुण्यात शिकत असताना माझा एक संख्याशास्त्राचा मित्र छिद्रं पाडलेल्या कार्डांची पेटी मांडीवर घेऊन डेक्कन क्वीनने मुंबईला जायचा. एक स्वल्पविराम चुकला की पेटी जशीच्या तशी परत. त्याला मी म्हणायचो, ‘अरे, तुझ्यापेक्षा नैयायिक बरे, त्यांना चूक जागच्या जागी कळते.’ म्हणजे यंत्र दुसऱ्याचं, काम आपलं, आणि वाहतूक रेल्वेची.

त्याच सुमाराला अमेरिकेत, १९६१ मध्ये, एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी यांनी विचार मांडला की गणनाशक्ती उद्या टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल. ज्याला जितकी हवी तितकी त्याने वापरावी आणि तितकेच पैसे द्यावेत. त्याच वर्षी तिथे फर्नांडो कॉर्बातो यांनी एका यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत दाखवली.

भारतात त्या काळी आयबीएम आपली यंत्रं बहुतेक भाड्याने देत असे. मालकी त्यांची, दर त्यांचा, दुरुस्ती त्यांची. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भागभांडवल कमी करायला कंपनी तयार झाली नाही आणि १९७८ मध्ये तिने भारत सोडला. यंत्रं इथे, दुरुस्त करणारा गेला. ती जबाबदारी सीएमसी ह्या सरकारी कंपनीने उचलली. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. घरमालक वाईट असतो म्हणूनच भाडेकरू अडचणीत येतो असं नाही. घरमालक आणि सरकार यांचं बिनसलं तरी भांडी रस्त्यावर भाडेकरूचीच येतात.

मग टेबलावरचे संगणक आले, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि वेबसाइट ठेवायला जागा लागायला लागली. सुरुवातीला दोनच वाटा होत्या. एक म्हणजे सामायिक जागा, वाड्यातल्या बिऱ्हाडासारखी. भाडं कमी, पण नळावर शेजाऱ्याने बादली लावली की आपलं पाणी बंद. दुसरी म्हणजे अख्खं यंत्र घेणं, म्हणजे बंगला. विद्यार्थ्याला परवडेल असं मधलं काही नव्हतं.

ते मधलं घर शक्य झालं एका यंत्रात अनेक यंत्रांचा आभास निर्माण करण्याच्या तंत्राने. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातून झेन नावाचं असं एक मुक्त सॉफ्टवेअर आलं. त्याच वर्षी लिनोड ही कंपनी निघाली, तिने अशी आभासी यंत्रं महिन्याच्या भाड्याने द्यायला घेतली. चाळीऐवजी फ्लॅट म्हणा. दार आपलं, नळ आपला, भिंत मात्र सामायिक. २००६ मध्ये ॲमेझॉनने मार्चमध्ये फाइली साठवण्याची आणि ऑगस्टमध्ये यंत्रं तासावर देण्याची सेवा सुरू केली. तासाला दहा सेंट! मॅकार्थींचं पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं बोलणं प्रत्यक्षात आलं. मीटर बसला.

मात्र मीटर आला की दरपत्रक येतं. महावितरणचं बिल ज्याने वाचलं आहे त्याला मी सांगायला नको: स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन. मोठ्या क्लाउड कंपन्यांचं दरपत्रक त्याच्या शंभरपट लांब झालं. ते समजणारी माणसं हा वेगळा व्यवसायच निघाला. ह्याच्या विरोधात म्हणा, एक साधी वाट निघाली. न्यूयॉर्कच्या डिजिटलओशनने २०१३ च्या सुमारास पाच डॉलरचं यंत्र दिलं. ५१२ एमबी मेमरी, २० जीबीची वेगवान एसएसडी, महिन्याला एक टेराबाइट वाहतूक त्याच भाड्यात. दर एका ओळीत सांगता येत होता. जोडीला लिनक्स कसं चालवायचं ह्याचे सोप्या भाषेतले धडे त्यांनी फुकट वाचायला ठेवले. माझ्या मते त्यांचा खरा शोध हाच होता. सातारा-सांगलीकडची किती मुलं ते धडे वाचून शिकली असतील! २०१६ मध्ये त्यांचं केंद्र बंगळुरूला आलं, ॲमेझॉनचं मुंबईला आलं, २०१९ मध्ये लिनोडही मुंबईत आलं. त्याआधी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र पुण्यात सुरू झालं होतं. दिल्लीची ई-टू-ई नेटवर्क्स ही कंपनी रुपयांत बिल देणारी म्हणून पुढे आली.

आता मागच्या रांगेला वाटेल, सरांनी नावं सांगितली, संपलं. थांबा जरा. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी, ह्याच धरणात गाव गेलेल्या कुटुंबातली. तुम्हाला माहीतच आहे, कोयनेची माणसं सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी विखुरली. त्यांचं पुनर्वसन अजून पुरतं झालेलं नाही, आंदोलनं चालू आहेत. जमीन मागायला गेलं की कागद मागतात. साठ वर्षांपूर्वीची भूसंपादनाची नोटीस, निवाड्याची नक्कल, जुना सात-बारा. ते कोणाच्या पेटीत, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या वाळवीच्या पोटात. ह्या मुलीने आणि तिच्या मित्रांनी वसाहतीवसाहतींत जाऊन त्या कागदांचे फोटो काढले, नावाने शोधता येतील असे लावले आणि वेबसाइट केली. चाळीसएक जीबी झाले. कोणती कंपनी घेतली? एक मोठी कंपनी वर्षभर यंत्र फुकट देत होती, ती. नाव घेत नाही, त्याची गरज नाही.

सगळं छान चाललं. मग दुवा व्हॉट्सॲपवर फिरला. लोकांनी आपलेच नव्हे, भावकीतल्या सगळ्यांचे कागद उतरवून घेतले. महिन्यात सुमारे सहाशे जीबी बाहेर गेले. यंत्राचं भाडं शून्य होतं, बाहेर जाणाऱ्या डेटाचा मीटर मात्र चालू होता. शंभर जीबी माफ, उरलेल्या पाचशेला जीबीमागे अकरा सेंट, म्हणजे पंचावन्न डॉलर. वर अठरा टक्के जीएसटी. साडेपाच हजारांच्या घरात बिल! कार्ड तिच्या वडिलांचं. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून परस्पर होणाऱ्या कार्डवसुलीचे नियम कडक केले, ते ग्राहकाच्या भल्याचेच आहेत, पण ह्या वेळी पैसे गेले नाहीत. इशाऱ्याच्या मेल अशा खात्यावर गेल्या जे कोणी उघडत नव्हतं. खातं गोठलं. आणखी काही दिवसांनी सगळं पुसलं जाणार होतं. एका आजोबांची निवाड्याची मूळ नक्कल फोटो काढल्यावर पावसाळ्यात भिजून गेली होती. जगात ती एकच प्रत उरली होती, ती त्या गोठलेल्या खात्यात.

तिने मला फोन केला तो सल्ल्यासाठी नव्हे, पैशांसाठी. पैसे भरले, कागद वाचले. मग ती म्हणाली, ‘सर, आता स्वस्त कोणतं ते सांगा.’

इथे मला माझा जुना न्यायशास्त्राचा तास आठवला. नैयायिक सांगतात, जिथे धूर तिथे अग्नी हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर हे खरं नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. ह्या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. ‘फुकट यंत्र म्हणजे स्वस्त’ ह्या विधानातही उपाधी लपलेली आहे: लोकांनी ते वापरलं नाही तर! मी तिला म्हटलं, प्रत्येक कंपनीच्या दरात ओलं सरपण कुठे आहे ते आधी शोधू. मग आम्ही वही घेऊन बसलो. डेटा किती बाहेर जाईल? भाड्यात वाहतूक किती धरलेली आहे? त्यापुढे जीबीमागे किती? साध्या पाच-सहा डॉलरच्या यंत्रात साधारण एक टेराबाइट धरलेलं असतं, वर गेलं तर जीबीला एक सेंट किंवा त्याहून कमी. तिचे सहाशे जीबी त्यात आरामात बसत होते. दुसरा प्रश्न चलनाचा. २०१३ मध्ये पाच डॉलर म्हणजे तीनशे रुपयांच्या आत-बाहेर. २०२२ मध्ये डिजिटलओशनने पाच डॉलरचं यंत्र सहा डॉलरचं केलं, त्यात डॉलर ऐंशीच्या वर, म्हणजे पाचशेला टेकलं. रुपयांत बिल देणारी कंपनी दरमहा थोडी महाग दिसली तरी वर्षाचा हिशेब मांडूनच ठरवावं.

अंतराचा प्रश्न त्यामानाने सोपा. जर्मनीतली यंत्रं बरीच स्वस्त मिळतात, पण मुंबई ते फ्रँकफर्ट जाऊन-येऊन सेकंदाचा दहावा भाग सहज जातो. फोटो बघायला चालतं. पण विस्थापितांचे वैयक्तिक कागद आहेत, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, तेव्हा देशातलं केंद्र घ्यावं असं आमचं मत पडलं.

मला सर्वांत जास्त वेळ घालवावासा वाटला तो सोडून जाण्याच्या प्रश्नावर. कंपन्या बदलतात. स्लाइसहोस्ट नावाची अशीच साधी, आवडती कंपनी २००८ मध्ये रॅकस्पेसने घेतली. लिनोड २०२२ मध्ये अकामाईने सुमारे नव्वद कोटी डॉलरला घेतली. हेरोकूची फुकट सेवा, जिच्यावर जगभरच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प उभे होते, ती नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाली. कोणी कोणाला फसवलं असं नाही, आयबीएमनेही फसवलं नव्हतं. म्हणून साधं लिनक्स, साधा डेटाबेस, ज्या गोष्टी कुठल्याही कंपनीत तशाच्या तशा चालतात, तेवढंच वापरायचं असं ठरलं. एखाद्या कंपनीतच मिळणारी सोय कितीही मोहात पाडणारी असली तरी तिचं भाडं शेवटी घर बदलताना भरावं लागतं.

आणि ११ डिसेंबर. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या केंद्राला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली. काहींच्या बॅकअपच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्याही गेल्या, प्रकरणं न्यायालयात गेली. मुलगी म्हणाली, ‘पण सर, कंपनीच महिन्याला थोडे जास्त घेऊन बॅकअप ठेवते.’ मी विचारलं, ‘कुठे ठेवते?’ तिने शोधलं. बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या त्याच शहरात. खातं गोठलं तर यंत्राबरोबर तोही गोठतो. म्हणजे पोफळी बंद पडली तर पर्यायी वीज पोफळीतूनच!

आता त्यांची व्यवस्था अशी आहे. एक साधं यंत्र देशातल्या केंद्रात, ठरलेल्या भाड्याचं. आठवड्याला एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे. आणि एक प्रत पुनर्वसित वसाहतीतल्या वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, हार्ड डिस्कवर, फडक्यात गुंडाळून. बिलाच्या मेल तिघांना जातात, त्यात एक शाळामास्तर आहेत जे रोज मेल बघतात. महिन्याचे सहाशेच्या आसपास रुपये वसाहतींतून वर्गणीने येतात. दर महिन्याच्या अकरा तारखेला कपाटातली डिस्क काढून कोणतेही दहा कागद उघडून बघायचे, असं मी त्यांना सांगितलं होतं. गेल्या वेळी दहातला एक उघडला नाही. तो दुसऱ्या कंपनीकडच्या प्रतीवरून परत घेतला.

माझी वेळ संपली, कार्यकर्ते घड्याळ दाखवताहेत. पाटणकडे जाणारी शेवटची एसटी ज्यांना धरायची आहे त्यांनी निघावं. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत, पुढच्या रांगेपासून सुरू करू.